इंडिजिनस विद्यार्थ्यांचं करिअर काउन्सेलिंग : माझं नेमकं कुठे चुकतंय?

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी लिहितेच. मी कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या एका कॉलेजात दीड वर्षापासून करिअर ॲडव्हायजर आहे. त्याआधी एचआरमध्ये होते, त्यामुळे रेझ्युमे, इंटरव्ह्यू, लिंक्डइन हे सगळं तोंडपाठ. पण इथे माझ्याकडे येणारी बरीच मुलं इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची आहेत, फर्स्ट नेशन्स किंवा मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचे), अधूनमधून एखादा इन्युइट (अगदी उत्तरेकडचे), आणि बाकीच्यांत रेफ्युजी कुटुंबातली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली अशी. ('आदिवासी' मुद्दाम लिहीत नाहीये, तो शब्द वाचला की आपल्या डोळ्यासमोर वेगळंच चित्र येतं.)

तर झालं असं की मागच्या टर्मला एक मुलगी आली, उत्तरेकडच्या एका रिझर्व्हवरची (फर्स्ट नेशन्ससाठी राखलेली वस्ती), जिथे हिवाळ्यात बर्फाचा रस्ता होतो तेवढाच, एरवी विमान. बायोलॉजीत सुंदर मार्क. म्हणाली मला हेल्थ केअर एडचा (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा) कोर्स करायचाय, घराजवळ होत असेल तर बरं. मी काय केलं, माझ्यातली ती टिपिकल मराठी मावशी जागी झाली. अगं एवढे मार्क आहेत, बीएससी नर्सिंग कर, पुढे मेडिसिनचा विचार कर, विनिपेगला राहा, स्वतःला कमी लेखू नकोस... चांगला पंचवीस मिनिटांचा डोस दिला. ती शांतपणे ऐकत होती, मान हलवत होती, ओके म्हणाली आणि गेली. नंतरच्या तीन अपॉइंटमेंट्सना आलीच नाही. मग एका कलीगकडून कळलं की ती म्हणाली होती, ती बाई चांगली आहे पण तिला माझं घर म्हणजे खड्डा वाटतो, ज्यातून मला वर ओढायचंय.

दोन रात्री झोप नाही लागली हो. कारण खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. आपल्याकडे जो जितका लांब गेला तो तितका पुढे गेला हे इतकं मुरलंय अंगात की तो एक विचार आहे हेच लक्षात येत नाही.

ऑफिसात 'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह' (समोरच्याची संस्कृती समजून वागणं) हा शब्द दर मीटिंगला येतो, दोन तासांचं ट्रेनिंगही झालं, पण सोमवारी सकाळी समोर मूल बसलं की करायचं काय हे कोणी सांगत नाही. ते इंटरेस्ट टेस्टचे फॉर्म द्यायचे की नाही? मुलं गप्प बसतात तेव्हा काय करायचं? आणि प्रत्येक इंडिजिनस मुलाला एकाच साच्यात न बसवता हे कसं करायचं? कोणी या क्षेत्रात असेल तर प्लीज लिहा. रागावलात तरी चालेल.

जुनी_खोंड :
रागवायचं कशाला, मीही याच खड्ड्यात पडलेय, १४ वर्षांपूर्वी. सध्या शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात हेच काम करते.

पहिली गोष्ट, तुमच्या खुर्चीला एक इतिहास चिकटलेला आहे तो तुम्ही आणला नसला तरी. १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये (यातले 'इंडियन' म्हणजे इथले मूळ रहिवासी) चक्क असं कलम होतं की फर्स्ट नेशन्सचा माणूस युनिव्हर्सिटीची पदवी घेऊन बसला, किंवा डॉक्टर, वकील, पाद्री झाला, तर त्याचं इंडियन स्टेटस (कायद्याने त्या लोकांतला असल्याची सरकारी मान्यता) संपलं. म्हणजे शिकलास की तू तुझ्या लोकांतला राहिला नाहीस, हे सरकारी कागदावर! पुढे रेसिडेन्शियल स्कूल्स (मुलांना घरच्या भाषा-संस्कृतीपासून तोडणाऱ्या निवासी शाळा), दीड लाखाच्या आसपास मुलं घरातून नेली, शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९० च्या दशकात. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या मुलीची आजी, कदाचित आईसुद्धा, त्यातून गेलेली असू शकते. आता अशा घरातल्या मुलीला टेबलामागे बसलेली एक चांगल्या मनाची बाई सांगते की तुझ्या भल्यासाठी घर सोड. हे वाक्य त्या घराने आधी ऐकलंय हो, तेव्हाही ते सांगणारे 'भल्यासाठीच' म्हणायचे.

दुसरं म्हणजे तिची निवड मूर्खपणाची नव्हतीच. उत्तरेतल्या बऱ्याच ठिकाणी नर्सिंग स्टेशनवर बाहेरून विमानाने येणाऱ्या नर्सेस असतात, काही आठवडे राहतात, जातात, पुढची येते. म्हाताऱ्या माणसाला दर वेळी आपली सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते, तीही परक्या भाषेत. अशा ठिकाणी तिथलीच, तिथली भाषा बोलणारी एड किती मोलाची असेल विचार करा. आणि एड हा काही शेवट नाही, तिथून प्रॅक्टिकल नर्सिंग, पुढे आरएन (रजिस्टर्ड नर्स), अशी पायरी पायरीने वर जाता येतं. तुमच्याच प्रॉव्हिन्समध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ द नॉर्थ आहे, द पा आणि थॉम्पसनला, असिनिबॉइन कॉलेजचा प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स तर गावं बदलत फिरतो. हे सगळं तिच्यासमोर नकाशासारखं मांडलं असतंत तर कदाचित तिनेच विचारलं असतं की मग पुढचं कधी करता येईल.

मी आता पहिल्या भेटीत फॉर्म काढतच नाही. तुझी माणसं कुठली, हे विचारते. आधी मी माझं सांगते, मी कुठली, माझी आई काय करायची, मी या देशात कशी आले. मगच ते बोलतात. दुसरा प्रश्न, या निर्णयात आणखी कोणाशी बोलायला हवं? त्यांना इथे आणायचंय का? आणि मग येते मावशी! क्री या इथल्या मूळ भाषेत आईच्या बहिणीला जो शब्द आहे ना, त्याचा अर्थच 'छोटी आई'. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला खरं तर ट्रेनिंग लागू नये. तरी कॉलेजच्या नियमात मावशी 'इमिजिएट फॅमिली'त बसत नाही आणि तिच्या अंत्यविधीला गेलेल्या मुलीची अटेंडन्स कापली जाते, यावरून मी दर वर्षी भांडते.

सॉरी फार लांबलं, पैशांबद्दल नंतर लिहिते.

कॅल्गरीकर७७ :
एक भाबडा प्रश्न, चुकलं तर सांगा. यांना तर शिक्षण सगळं फुकट असतं ना? आमच्या ग्रुपवर नेहमी हेच ऐकतो. मग अडतं कुठे?

जुनी_खोंड :
बरं झालं विचारलंत, कारण हे आपल्या लोकांत फार पसरलंय. फुकट नसतं. फेडरल सरकारचा एक पोस्ट सेकंडरीचा प्रोग्राम आहे, तो स्टेटस असलेल्या फर्स्ट नेशन्सच्या मुलांसाठी. त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी बँडकडे (म्हणजे त्या फर्स्ट नेशनच्या स्थानिक प्रशासनाकडे) येतात, बँडच्या एज्युकेशन ऑफिसने वाटायचे. ठरलेली रक्कम, मागणारे जास्त, त्यामुळे वेटिंग लिस्ट. २०१५ मध्ये ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने (रेसिडेन्शियल स्कूल्सची चौकशी करणारा आयोग) ज्या ९४ शिफारशी केल्या त्यातली ११ वी नेमकी हीच आहे, की पैशांअभावी खोळंबलेल्या फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांची रांग संपवा. नॉन स्टेटस मूल असेल तर त्या प्रोग्रामात बसतच नाही. मेटी आणि इन्युइटांसाठी वेगळ्या योजना आहेत, त्यांचे दरवाजे वेगळे.

आणि @पाटीपेन्सिल, हे तुमच्यासाठीही. कल्चरली रिस्पॉन्सिव्ह म्हणजे भिंतीवर ड्रीमकॅचर लावणं नव्हे (प्लीज लावू नका), बँड ऑफिसची डेडलाइन तुमच्या कॅलेंडरवर असणं हे त्यात येतं. बऱ्याचदा ती कॉलेजच्या डेडलाइनच्या कितीतरी आधी असते. शिवाय इन्डस्पायर या संस्थेच्या बर्सरी (शिक्षणासाठीची आर्थिक मदत) बघा, त्या फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी तिघांसाठी आहेत. फॉर्म मुलाबरोबर बसून भरा, लिंक पाठवून मोकळं होऊ नका.

आडवा_प्रश्न :
मी थोडं उलटं बोलणार आहे. वरचं सगळं पटतं, पण या कल्चर कल्चरच्या नादात दुसऱ्या टोकाला जाणारे लोक मी बघितलेत. मी विनिपेगमध्ये एम्प्लॉयमेंट सेंटरला होतो. एक मुलगा यायचा, जन्माने फर्स्ट नेशन्स, वाढला शहरात, फॉस्टर होममध्ये (सरकारने सांभाळायला सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात). तो मला म्हणाला, साहेब मी जिथे जातो तिथे मला एल्डरला (समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्याला) भेट, सर्कलला (गोल बसून बोलायच्या बैठकीला) ये, असे कागद हातात देतात. मला माझी भाषा येत नाही, मी रिझर्व्ह बघितलेलं नाही, आणि दर वेळी त्याची आठवण करून देतात. मला अकाउंटिंगची इंटर्नशिप हवीये, ती कोणी देत नाही.

हे ऐकून मी गप्पच झालो. त्याला पुढे दोन वर्षांनी स्वतःहून त्याच्या लोकांचा शोध घ्यावासा वाटला, ते वेगळं, पण तो त्याचा निर्णय आणि त्याची वेळ. या देशात ६०० च्या वर फर्स्ट नेशन्स आहेत, ७० च्या वर भाषा, त्यात इन्युइट वेगळे, मेटी वेगळे, आणि इंडिजिनस लोकांतले बरेचसे आता शहरात राहतात. कोणतं ट्रेनिंग तुम्हाला हे सगळं शिकवणार? एल्डरकडे काही मागायला जाताना तंबाखू द्यायची हे प्रेअरीवर (मॅनिटोबा, सस्कॅचवानच्या बाजूला) बरोबर, पण इन्युइटांत ती पद्धतच नाही. त्यामुळे माझं साधं मत, समोरच्यालाच विचारा. तुझ्यासाठी यातलं काय महत्त्वाचं आहे? काही नसेल तर काही नाही.

आणि दुसरा मुद्दा ज्यावर कोणी बोलत नाही. उत्तरेतल्या छोट्या शाळांत बारावीचं फिजिक्स, प्री कॅल्क्युलस बऱ्याचदा शिकवलंच जात नाही, कारण शिकवायला माणूस नाही किंवा वर्गात दोनच मुलं. मग मूल तुमच्यासमोर येतं तेव्हा इंजिनिअरिंगचं दार आधीच बंद झालेलं असतं आणि आपण म्हणतो, त्याला इंटरेस्ट नाही. इंटरेस्ट नाही की विषयच नव्हता? मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग ॲक्सेस प्रोग्राम १९८५ पासून आहे, राहिलेलं गणित फिजिक्स भरून काढायला वेळ देतात, बरोबर ट्युटर, पैशांची आणि राहण्याची मदत. असे प्रोग्राम पाठ पाहिजेत. संस्कृतीबद्दल वाचण्यापेक्षा प्रीरिक्विझिटचा (कोर्सला आधी कोणते विषय लागतात त्याचा) चार्ट आधी वाचा असं मी माझ्या ज्युनियर्सना सांगायचो.

जुनी_खोंड :
@आडवा_प्रश्न १०० टक्के मान्य. फक्त तो चार्ट आणि ती मावशी दोन्ही लागतात एवढंच.

अर्धवट_सायको :
मी सायकॉलॉजीत मास्टर्स करतेय म्हणून टेस्टबद्दल लिहू शकते (ताई, उगाच शहाणपणा वाटला तर सोडून द्या). तुम्ही देता त्या बहुतेक इंटरेस्ट टेस्टच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडचे आवडीनिवडींचे सहा प्रकार असतात, १९५९ पासून चालत आलेले. तुला यंत्रं आवडतात का, लोकांना मदत करायला आवडतं का, आणि मग त्यावरून व्यवसायांची यादी. यात एक गृहीत धरलंय की आवड ही त्या एका माणसाच्या आतली गोष्ट आहे आणि निवड तोच करतो. ज्या घरात धाकट्या भावंडांना कोण बघणार हे आधी ठरतं आणि कोर्स नंतर, तिथे त्या टेस्टचा निकाल अर्धीच गोष्ट सांगतो. टेस्ट वाईट नाही, पण तिचा निकाल आला की आपण तोच बोलायला लागतो आणि मूल ऐकायला लागतं, तिथे बिघडतं.

गॉटफ्रेडसन बाईंचं १९८१ चं काम आहे, त्यांचं म्हणणं असं की मुलं लहानपणापासूनच एकेक पर्याय खोडत येतात, हे मुलींचं नाही, हे आपल्यासारख्यांचं नाही, हे आपल्याला झेपणार नाही, आणि जे उरतं त्यातून जे हाताशी आहे त्यावर तडजोड करतात. त्यामुळे १९ व्या वर्षी समोर आलेली 'आवड' ही खोडून खोडून उरलेली असू शकते. आता इथे मला स्वतःलाच गोंधळ होतो, कारण ताईंच्या त्या मुलीची निवड खोडून उरलेली होती की खरंच मनापासूनची, हे बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मला वाटतं ओळखायचा एकच मार्ग, सगळे पर्याय आणि ते करणारी तिच्यासारखी माणसं दाखवायची, पैशांचा आणि राहण्याचा प्रश्न सुटला असं धरून चालू म्हणायचं, आणि मग विचारायचं की आता काय करावंसं वाटतं? तरीही घरच म्हणाली तर ती घरच म्हणतेय.

हेच ताईंच्या रेफ्युजी मुलांनाही लागू. फक्त त्यांच्याबाबतीत उलटा ताण असतो, आईवडिलांनी इतकं सोसलंय म्हणून डॉक्टरच व्हायचं. तो ताण तर आपण सगळेच ओळखतो.

पाटीपेन्सिल :
किती छान लिहिताय सगळे, वही काढून उतरवून घेतेय. @अर्धवट_सायको, ते 'प्रश्न सुटला असं धरून' फार आवडलं. अजून एक, इंटरव्ह्यूची तयारी करून घेताना मी अडकते. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' म्हटलं की माझ्याकडची काही मुलं दोन वाक्यांत संपवतात आणि खाली बघतात. एम्प्लॉयर म्हणतो कॉन्फिडन्स नाही. मी त्यांना स्वतःची जाहिरात करायला शिकवते आणि शिकवताना मलाच कसंतरी होतं.

किवी_मावळा :
ऑकलंडहून लिहितोय, इथलं उदाहरण देतो, तुमच्याकडे जसंच्या तसं लावू नका. माओरी माणूस (न्यूझीलंडचा मूळ रहिवासी) स्वतःची ओळख करून देताना आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज, आपले लोक सांगतो आणि स्वतःचं नाव बरंच शेवटी. म्हणजे टेल मी अबाउट युअरसेल्फचं उत्तर त्याच्याकडे आहे, आपल्यापेक्षा चांगलं आहे, फक्त इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ते उत्तर वाटत नाही. इथे आता बऱ्याच ठिकाणी नोकरीच्या इंटरव्ह्यूला व्हानाऊ म्हणजे घरची माणसं बरोबर आणता येतात, आणि ती उठून सांगतात की हा कसा आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायची वेळच येत नाही. आपल्याकडेही जुन्या लोकांना ते ओंगळच वाटतं की.

मी मुलांना 'मी' च्या जागी 'आम्ही' ने सुरुवात करू देतो. तुमच्या घरच्या समारंभात शंभर माणसं जेवली ना? कोणी केलं? आम्ही सगळ्यांनी. बरं, त्यातलं तुझ्याकडे काय होतं? सामान आणणं, गाड्या ठरवणं, म्हाताऱ्यांना आणणं. झालं, लॉजिस्टिक्सचा अनुभव रेझ्युमेत गेला. आजीची काळजी, भावंडांना शाळेत पोचवणं, शिकारीची तयारी, हे सगळं काम आहे पण कोणीच त्यांना तसं सांगितलेलं नसतं.

माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८४ मध्ये मांडलेलं घराचं मॉडेल इथे सगळे वापरतात, चार भिंती, शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब, खाली जमीन. एक भिंत काढली की घर पडतं. पगार आणि पोझिशन वाढवताना आपण कुठली भिंत काढायला सांगतोय हे बघायचं, इतकंच मी त्यातून घेतलं.

बर्फातली_चिमणी :
मी दोन वर्षं इकालुइतला (अगदी उत्तरेकडच्या नुनावुतची राजधानी, इन्युइटांचा भाग) शिकवायला होते, त्यामुळे गप्प बसण्याबद्दल थोडंसं. पहिले दोन महिने मला वाटायचं वर्गात कोणी उत्तरच देत नाही. मग एका सहकारी बाईंनी हसत हसत सांगितलं की अगं ती उत्तर देतायत, भुवया वर केल्या म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही, तू वहीत बघत बसतेस! तेव्हापासून मी प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायला लागले. दहा आकडे फार मोठे असतात, करून बघा.

आणि घर सोडण्याच्या मुद्द्यावर, दर वेळी मुलालाच का हलवायचं? इकालुइतमध्ये लॉ स्कूल नेलं गेलं, अकित्सिराक नावाने, व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीच्या मदतीने. २००१ ला सुरू झालं, २००५ ला ११ जण वकील व्हायची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे २०१७ मध्ये सस्कॅचवान युनिव्हर्सिटीने पुन्हा तसाच वर्ग तिथे चालवला. लोकांना हुशारीची कमतरता नव्हती, वर्ग दोन हजार किलोमीटर लांब होता. हे करिअर ॲडव्हायजरच्या हातात नसतं मान्य, पण वर्षाअखेरीस जो रिपोर्ट तुम्ही वर पाठवता त्यात 'विद्यार्थी आले नाहीत' ऐवजी 'कोर्स तिथे नव्हता' असं लिहिणं तर हातात आहे.

आडवा_प्रश्न :
^ हे शेवटचं वाक्य प्रिंट काढून माझ्या जुन्या बॉसला पाठवायची इच्छा होतेय.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे आभार, आणि थोडं अपडेट. त्या मुलीला मी मेसेज केला, कलीगमार्फत, कारण माझ्या ईमेलला उत्तर देण्याचं तिला काहीच कारण नाही. लिहिलं की मागच्या वेळी मी तुला विचारायचं सोडून सांगतच बसले, सॉरी. हेल्थ केअर एडच्या कोर्सची आणि त्याच्या पुढच्या पायऱ्यांची माहिती काढून ठेवलीये, हवी असेल तर ये, कोणाला आणायचं असेल तर आण. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, आंटी गुरुवारी डेंटिस्टसाठी शहरात येणार आहे, तिच्याबरोबर येऊ का, तीनला.

आता मला धडकी भरलीये, कारण मुलीपेक्षा आंटीच माझा इंटरव्ह्यू घेणार. @जुनी_खोंड, ताई, पहिल्यांदा काय बोलू?

जुनी_खोंड :
काही बोलू नका, चहा विचारा. टेबलामागून उठून त्यांच्या बाजूला बसा. बँडच्या डेडलाइनचा कागद आधीच काढून ठेवा, आंटीचा पहिला प्रश्न तोच असतो, पैसे कोण देणार आणि कधीपर्यंत अर्ज करायचा. आणि तीनची वेळ आहे म्हणून साडेतीनला दुसरं कोणाला बोलावू नका.